नुसत्या सहीला पाच हजार, मग डिझाईनला तीस का?

मागच्या अंकात घरबांधणीचे प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त एकाच विषयावरची. आरसीसीवाला इंजिनिअर (घराच्या कॉलम-बीम-स्लॅबचं डिझाईन करणारा) किती पैसे घेतो, इतके का घेतो आणि नाही घेतला तर चालतं का. मी स्वतः सत्तावीस वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गात हेच काम करतोय, म्हणजे मी आपल्याच धंद्याची बाजू घेणार हे धरूनच वाचा. खाली जे रेट दिलेत ते मी स्वतः घेतो ते, किंवा ओळखीच्या लोकांच्या कोटेशनमध्ये बघितलेले आहेत. तुमच्या तालुक्यात थोडं मागेपुढे होईल.

प्रश्न : देवरुखजवळ गावात घर बांधतोय, खाली सातशे आणि वर सातशे असं चौदाशे स्क्वेअर फूट. आर्किटेक्टने प्लॅन दिला पण म्हणाला आरसीसीचं वेगळं बघा, आणि ज्यांच्याकडे पाठवलं त्यांनी तीस हजार सांगितले. दुसरे एकजण म्हणतात नगरपंचायतीला लागेल ती सही-शिक्का पाच हजारात देतो. आणि मिस्त्री म्हणतो काहीच नको, तीस वर्षं घरं बांधतोय, कॉलमला चार बारा एमएमच्या सळ्या टाकतो आणि आजपर्यंत एक घर पडलेलं नाही. काय करू दादा?

मिस्त्रीपासून सुरुवात करतो, कारण त्याचं म्हणणं खोटं नाहीये. त्याची घरं पडली नाहीत हे खरंच असेल. पण त्यातली बरीचशी एक मजली, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जाड भिंतींची, वर कौलं. तिथे कॉलम नावालाच असतात, भार सगळा भिंत घेते. तुमचं घर दोन मजली, खाली हॉलमध्ये मधली भिंत नको म्हणून प्लॅनमध्ये मोकळी जागा ठेवलेली असणार, पुढे गॅलरी असणार, वर पाण्याची टाकी असणार. दोन हजार लिटरची टाकी भरली की दोन टन एका कोपऱ्यात बसले, हे मिस्त्रीच्या चार बारात कुठे धरलंय?

आता पैशाचा हिशोब करून बघा. दोन हजार रुपये फूट धरलं तर तुमचं घर अठ्ठावीस लाखाला जातंय, त्यात तीस हजार म्हणजे शेकडा एकच्या आसपास. आमच्याकडे छोट्या घराला डिझाईनची फी साधारण दहा ते वीस रुपये फूट अशी चालते, पण घर अगदीच लहान असेल तर फुटाचा हिशोब चालत नाही, वीस-पंचवीस हजाराच्या खाली कोणी नीट काम घेत नाही, कारण सातशे फुटाच्या घराला आणि दोन हजार फुटाच्या घराला साईटवर फेऱ्या तेवढ्याच लागतात. त्यामुळे तुमचे तीस हजार म्हणजे एकवीस रुपये फूट, जरा वरच्या बाजूला आहेत पण लूट नाही. मात्र त्यात काय काय येतं ते विचारा, कारण खरा फरक तिथे आहे.

अशा घराला साधारण चार किलो फूट लोखंड पुरतं, म्हणजे छप्पन्नशे किलो. डिझाईन नसेल तर मिस्त्री घाबरून (आणि त्याचं बरोबरच आहे, त्याच्या मानेवर येणार) सगळीकडे जास्त टाकतो, पाच किलोवर सहज जातो. फूटमागे एक किलो म्हणजे चौदाशे किलो, साठ रुपयांनी चौऱ्याऐंशी हजार. म्हणजे इंजिनिअरचे तीस हजार वाचवायला गेलात आणि लोखंडात चौऱ्याऐंशी घातलेत. बरं, जास्त घातलेलं लोखंड कामाला येतंच असंही नाही. गॅलरीचं उदाहरण घ्या. बाहेर निघालेल्या गॅलरीत मुख्य सळी वरच्या बाजूला लागते, खाली नाही. मी मागे एका घरी गेलो होतो, गॅलरीत लोखंड भरपूर होतं पण सगळं खाली, कारण काँक्रीट ओतताना पोरं जाळीवर नाचली आणि वरची सळी चेपून खाली गेली. मालक म्हणाला साहेब मी तर मजबूत घातलंय. मजबूत घातलंय पण चुकीच्या मजल्यावर!

पाच हजाराच्या सहीबद्दल. ती सही कागदावर असते, फाईलमध्ये जाते आणि तिथेच राहते. ज्याने सही केली त्याने तुमची जमीन बघितलेली नसते. आणि कोकणात जमीन बघणं ही अर्धी लढाई आहे. सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या सपाट जागेवर) वरती जांभ्याचा कातळ कडक लागतो, लोक खूश होतात की पाया दोन फुटात झाला, आणि त्या कातळाची जाडी कमी असेल तर खाली मऊ शेडी म्हणजे चिकण माती, पावसाळ्यात पाणी प्यायली की लोण्यासारखी. विहीर खणणाऱ्यांना विचारा, ते सांगतील. भातशेतीचा मळा भरून जागा केली असेल तर गोष्ट अजून वेगळी. तिथे जेसीबीने खड्डा मारून इंजिनिअरला आत डोकावायला लावा, खड्ड्याचे दीड-दोन हजार जातील. मोठी इमारत असेल तरच बोअर मारून माती तपासायची, घराला बहुतेक वेळा ट्रायल पिट पुरतो.

तीस हजारात मला तरी हे अपेक्षित आहे: कॉलमचं लेआऊट, फुटिंग (कॉलमखालचा पाया), प्लिंथ बीम (जोत्याचा बीम), दोन्ही स्लॅब, जिना आणि टाकीचं ड्रॉईंग, सळ्यांचं शेड्यूल म्हणजे कुठली सळी किती लांब कापायची ते, आणि निदान पाच फेऱ्या. फुटिंगचा खड्डा खणल्यावर एक, फुटिंगची जाळी बांधल्यावर एक, प्लिंथला एक, आणि दोन्ही स्लॅबच्या आदल्या दिवशी एकेक. आदल्या दिवशी म्हणजे आदल्याच दिवशी, मिक्सर सुरू झाल्यावर इंजिनिअर येऊन काय करणार, चहा पिणार. हे सगळं कागदावर लिहून घ्या, नाहीतर मग प्रत्येक फेरीला वेगळे पैसे मागितले म्हणून भांडणं होतात. जादा फेरी लागली तर आमच्याकडे दीड ते तीन हजार घेतात, लांबचं गाव असेल तर पेट्रोल वेगळं. पैसे टप्प्याने द्या. ड्रॉईंगला अर्धे, प्लिंथला पाव, आणि शेवटचा पाव वरच्या स्लॅबनंतर. सगळे आधी दिलेत की शेवटच्या फेरीला फोन लागत नाही.

एक अजून. आर्किटेक्ट कॉलम भिंतीत लपावा म्हणून नऊ इंचाचाच पाहिजे म्हणतो, घरमालकालाही कोपऱ्यात खांब दिसला की आवडत नाही. भूकंपासाठीचं आयएस १३९२० हे सरकारी मानक, म्हणजे कोड, कॉलमची बाजू कमीत कमी ३०० मिलिमीटर म्हणजे बारा इंच सांगतं. देवरुखकरांना कोयनेचा भूकंप सांगायला नको, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. तीन इंच खांब दिसला तर दिसू दे, कपाट करून टाका तिथे.

प्रश्न : आम्ही मुंबईला, घर मालवणच्या बाजूला. आजोबांनी बांधलेलं, चिऱ्याच्या भिंती, मातीत बांधलेल्या, आठशे फूट. दरवर्षी कौलं परतायला माणूस मिळत नाही आणि वाशांना वाळवी. चुलत भाऊ म्हणतात कौलं काढून स्लॅब टाकूया, पुढे वर एक खोलीपण काढता येईल. गावचा मिस्त्री म्हणतो "काय एक होवचा नाय, घाला बिनधास". चतुर्थीच्या आत व्हायला हवं. इंजिनिअर फक्त बघायला यायचे किती घेतात? आणि तो नाही म्हणाला तर पैसे फुकट गेले ना?

शेवटच्या प्रश्नावर आधी हसलो आणि मग वाईट वाटलं, कारण हे मला तोंडावर ऐकायला मिळालेलं आहे. एका घरी तीन हजार घेऊन मी नाही सांगितलं तेव्हा मालक म्हणाले, नाही ऐकायला तीन हजार कशाला, नाही तर आमची आई पण फुकट म्हणत होती.

पण आकडा बघा. मंगलोरी कौलाचं छप्पर रिपा-वाशांसकट फुटाला सहा-सात किलो. पाच इंची स्लॅब नुसता एकोणतीस किलो, वर कोबा, वॉटरप्रूफिंग, माणसं, सगळं धरून पन्नासच्या पुढे. तुमच्या आठशे फुटांना आज डोक्यावर पाच-साडेपाच टन आहे, स्लॅब टाकलात की नुसतं काँक्रीटच तेवीस टन. आणि ते मातीत बांधलेल्या भिंतीवर! चिरा स्वतः तेवढं सहज सोसेल हो, चिऱ्याबद्दल माझी तक्रार नाही, पण दोन चिऱ्यांमधली माती पावसात ओली झाली की भिंत फुगते, आणि आजोबांच्या वेळचा पाया म्हणजे जोत्याखाली दोन फूट दगड भरलेले. वर खोलीचा तर विचारच सोडा.

मग मार्ग दोन. एक, भिंती तशाच ठेवून आतून-बाहेरून नवे कॉलम उभे करायचे, त्यांना स्वतःचे फुटिंग, आणि स्लॅबचा भार पूर्ण त्या कॉलमवर, भिंत नुसती पडदा. याच्या डिझाईनला पंचवीस ते चाळीस हजार लागतील, नव्या घरापेक्षा जास्त, कारण जुन्या जोत्याला धक्का न लावता शेजारी खड्डे खणणं हे नाजूक काम आहे, एकावेळी एकच खड्डा, आणि फेऱ्या जास्त. दुसरा मार्ग मला आवडणारा. वाळवीचे वासे काढून लोखंडी ट्रस (छपराचा त्रिकोणी सांगाडा) आणि पाईप, त्यावर परत तीच कौलं, खाली पत्रा घातला तर कौल फुटलं तरी पाणी आत येत नाही आणि दरवर्षी परतायचा त्रास संपतो. वजन होतं तेवढंच राहतं. याच्या डिझाईनला बारा-पंधरा हजारात काम होतं. फक्त ट्रस भिंतीवर नुसता ठेवायचा नाही, वर आरसीसीचा पट्टा फिरवून त्यात बोल्ट सोडायचे. तौक्ते वादळात मे २०२१ ला तुमच्याकडे छपरांचं काय झालं ते आठवत असेलच, वारा छप्पर खाली दाबत नाही तर वर उचलतो.

नुसतं बघायला यायचे तीन ते पाच हजार, तोंडी सल्ला. लेखी रिपोर्ट, फोटो, भिंतींची मापं, कुठे काय करायचं असं हवं असेल तर दहा-पंधरा हजार. चुलत भाऊ चार असतील तर लेखीच घ्या, तोंडी सांगितलेलं प्रत्येकजण आपापल्या सोयीने ऐकतो.

चतुर्थीची घाई मला समजते पण मिरगाच्या आत स्लॅब ओतून, सेंट्रिंग काढून, भिंती बांधून व्हायचं असेल तर काम जानेवारीत सुरू झालं पाहिजे होतं. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्याचे चौदा दिवस, सहा मीटरच्या वरच्या बीमचे एकवीस दिवस ठेवायचेच असतात. यंदाचा गणपती जुन्या छपराखालीच बसवा, ताडपत्री घालून. आणि समुद्रापासून किती लांब आहात ते पत्रात लिहिलं नाहीत. भरतीरेषेपासून पाचशे मीटरच्या आत असाल तर सीआरझेडचं (किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं) आधी विचारून घ्या, डिझाईनचे पैसे त्याच्यानंतर.

प्रश्न : रत्नागिरी शहरात आमची सोसायटी, सोळा फ्लॅट, बावीस वर्षं झाली. जिन्याखालचं आणि गॅलऱ्यांचं प्लास्टर पडायला लागलंय, आत गंजलेली सळी दिसते. स्ट्रक्चरल ऑडिटसाठी तीन कोटेशन आली: अठरा हजार, पंचेचाळीस हजार आणि एक लाख वीस हजार. एवढा फरक कसा? एक रिपेअरवाला कॉन्ट्रॅक्टर तर म्हणतो ऑडिट फुकट करून देतो. सभासद अर्थातच फुकटवाल्याच्या बाजूने.

फुकटवाल्याला पहिल्यांदा नमस्कार करून घरी पाठवा. ज्याला रिपेअरचं काम मिळवायचंय त्यानेच रोग ठरवायचा, आणि औषधही त्याच्याच दुकानातलं.

उरलेल्या तिघांत मला वाटतं कोणीच चोर नाही, तिघं तीन वेगळ्या गोष्टींचे पैसे सांगतायत. अठरा हजारवाला डोळ्याने बघणार, हातोडीने टकटक करून पोकळ आवाज कुठे येतो ते खडूने मार्क करणार, फोटो काढून रिपोर्ट देणार. पंचेचाळीसवाला बहुतेक यंत्रं आणणार. रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कडकपणा, अल्ट्रासोनिकने आतल्या पोकळ्या आणि भेगा, हाफ सेलने सळी गंजायची शक्यता, आणि फिनॉलफ्थॅलिनचा फवारा. हा फवारा मला फार आवडतो, काँक्रीट चांगलं असेल तर गुलाबी होतं आणि मेलेलं असेल तर रंगच येत नाही, सभासदांना दाखवा, सगळ्यांना पटतं. एक लाख वीसवाल्याच्या पैशात बहुतेक कोअर (काँक्रीटचा गोल तुकडा) काढून लॅबमध्ये फोडणं, दुरुस्तीचं इस्टिमेट, टेंडरचे कागद हे सगळं आहे.

म्हणून तिघांनाही एकच पत्र पाठवा की कुठली टेस्ट, किती पॉईंट. आमच्याकडे हॅमर, अल्ट्रासोनिक आणि हाफ सेलला पॉईंटमागे दोनशे ते पाचशे चालतात, कोअर एकेक तीन ते पाच हजार. आकडे एका कागदावर आले की फरक आपोआप कळतो. तुमच्या ठिकाणी मी पंचेचाळीसवाला घेतला असता आणि वर तीन-चार कोअर मागितले असते. कोअर धरून फ्लॅटमागे साडेतीन ते चार हजाराच्या आसपास बसतंय, गणपतीची वर्गणी आणि दोन मिटिंगांचा वडापाव.

कायद्याचं म्हणाल तर सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीसच्या पुढे दर तीन वर्षांनी ऑडिट सांगितलंय, म्हणजे तुमचं पहिलं ऑडिट होऊन सात वर्षं व्हायला हवी होती. आणि वय कमी म्हणून निर्धास्त राहू नका, महाडला २४ ऑगस्ट २०२० ला पाच मजली इमारत संध्याकाळी बसली आणि सोळा माणसं गेली, ती काही जुनीपुराणी नव्हती.

सळी का गंजते हे थोडं सांगतो कारण तुमच्या सभासदांना वाटतं प्लास्टर करून घेतलं की झालं. समुद्राच्या हवेतलं मीठ काँक्रीटमधून हळूहळू आत जातं, सळीपर्यंत पोचलं की गंज सुरू होतो, आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो म्हणून वरचं काँक्रीट आतून ढकललं जातं आणि पडतं. किनाऱ्यालगतच्या इमारतीला काँक्रीटच्या आयएस ४५६ कोडप्रमाणे एम-३० दर्जाचं काँक्रीट आणि सळीवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, लागतो. तुमच्याकडे फोडून बघितलंत तर वीस मिळालं तरी मी आनंद मानेन. त्यातून त्याकाळी खाडीची वाळू न धुता सर्रास वापरायचे, म्हणजे मीठ बाहेरून यायची वाटच बघायला नको, बांधतानाच घातलेलं.

दुरुस्ती निघाली तर इंजिनिअरची देखरेख वेगळी ठरवा, एकूण खर्चाच्या तीन ते पाच टक्के घेतात. हे पैसे कापायला जातात सगळे, आणि मग गंज न घासता त्यावरच केमिकल मारून प्लास्टर होतं, दोन पावसाळ्यांत परत तेच. आणि गच्चीतून, बाथरूममधून गळणारं पाणी आधी बंद करा.

प्रश्न : लांज्याकडे घरामागे डोंगर कापून बारा फुटी चिऱ्याची भिंत बांधली होती, जुलैत कोसळली. परत बांधायचीय. भिंतीला पण इंजिनिअर लागतो का?

लागतो. चार-पाच फुटापर्यंतचा गडगा (दगड रचून केलेली भिंत) मिस्त्री मस्त बांधतो, बारा फुटाला नाही. तुमची भिंत मातीने नाही, पाण्याने पाडली. मागची माती पाण्याने भरली आणि पाणी बाहेर जायला वाट नसली की भिंतीवरचा जोर कोरड्यापेक्षा दुपटीच्या वर जातो. सिमेंटमध्ये घट्ट बांधून वर गिलावा केला असणार तुम्ही, पूर्वीचा सुका गडगा निदान पाणी सोडायचा. आता परत बांधताना खाली रुंद बूड, मागे खडीचा थर, आणि दर चार-पाच फुटावर पाईप, तेसुद्धा मागून बुजणार नाहीत असे. डिझाईन आठ ते पंधरा हजार, दोन फेऱ्या धरून. पडलेले चिरे चांगले असतील तर वापरता येतील, टाकू नका, आज एका चिऱ्याला काय भाव आहे ते तुम्हाला माहितीच.

प्रश्न : बिलावर अठरा टक्के जीएसटी लावलाय, द्यायचा का?

त्यांचा जीएसटी नंबर बिलावर असेल तर द्यायचा. वर्षाची उलाढाल वीस लाखाच्या आत असणाऱ्याला नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नाही तर तो लावताही येत नाही. कोटेशन घेतानाच विचारा की धरून सांगताय का सोडून, तीस हजाराचे पस्तीस हजार चारशे होतात.

प्रश्न : भाचा यंदा बीई सिव्हिल झाला, पुण्याला सॉफ्टवेअर शिकलाय. म्हणतो मामा तुमच्या बंगल्याचं डिझाईन मी फुकट करून देतो. करू दे का?

मामा, कायद्याने तुम्हाला कोणी अडवणार नाही असं नाही, पण गंमत बघा. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिलची नोंदणी लागते, इंजिनिअरला देशपातळीवर असं काहीच नाही, बीई झाला की बोर्ड लावायला मोकळा. नगरपरिषदेच्या हद्दीत परवानगीच्या कागदावर सही करायला मात्र अनुभव दाखवून लायसन्स घ्यावं लागतं, ते भाच्याकडे अजून नसणार.

सॉफ्टवेअरला जे भरवाल ते तो मोजून देतो. जमीन किती भार घेते हा आकडा त्यात पुस्तकातला टाकला तर उत्तरही पुस्तकातलंच येतं. भाच्याला डिझाईन करू दे, नाही कशाला म्हणायचं, पण ते एखाद्या पंधरा-वीस वर्षं काम केलेल्या माणसाकडून तपासून घ्या, तपासायचे आठ-दहा हजार घेतात आणि तो बदल सुचवेल ते भाच्याने मुकाट्याने करायचे. आणि फुटिंगपासून स्लॅबपर्यंत त्याला साईटवर उभा करा, प्रत्येक सळीखाली कव्हर ब्लॉक (सळी उचलून धरणारा ठोकळा) आहे का बघायला, आणि स्लॅबच्या दिवशी मिक्सरवाला पाणी किती ओततोय ते मोजायला. हे काम पैसे देऊनसुद्धा कोणी नीट करत नाही, आणि पगार म्हणून आंब्याची पेटी दिलीत तरी तो खूश.